चिनीमातीच्या टोप्या

लुडविक स्टरलेला कामावरून काढलं, त्याच्या आदल्या दिवशी त्याचा शेवटचा अहवाल मी टाइप केला. शब्द त्याचे होते. स्वल्पविराम माझे.

साहित्याची पदवी घेऊन मी खाणीच्या या गावात परत आले आणि ग्रेग हाउटालाच्या घरगुती उपकरणं दुरुस्त करणाऱ्या दुकानात गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला लागले. लुडविक तिथला सर्वांत जुना दुरुस्तीवाला. वय चौसष्ट. पहिल्या दिवशी मी त्याला मिस्टर स्टरले म्हटलं, तर तो मागे वळून बघायला लागला.

“काय शोधताय?”

“माझ्या बापाला. त्याला जाऊन वीस वर्षं झाली, पण तू हाक मारलीस.”

तेव्हापासून तो माझ्यासाठी लुड आणि मी त्याच्यासाठी ‘पुस्तकवाली’.

ओव्हनचा सेन्सर म्हणजे पेन्सिलीएवढी धातूची दांडी. मागच्या भिंतीतून आत डोकावते. थंड असताना मीटरवर तिच्या रोधाचा आकडा अकराशे ओहमच्या आसपास येतो, तापली की चढतो. त्या आकड्यावरून ओव्हनला आपली आच कळते. दुकानातले बाकीचे फक्त दांडी मोजत आणि बदलून मोकळे होत. लुडविक वरच्या पॅनेलपासून मोजायचा, म्हणजे मधली वायरही तपासली जायची. तीही एकदा थंड असताना आणि एकदा तापवून.

“थंड ओव्हन खोटं बोलतो,” तो म्हणायचा. “माणसासारखाच. जरा तापव, मग खरं बाहेर येतं.”

नवा सेन्सर बसवताना वायरींची टोकं पिळून त्यांवर टोपी बसवावी लागते. ओव्हनमागे ती टोपी चिनीमातीची हवी. प्लॅस्टिकची आचेने मऊ पडते. ग्रेगने तीन वर्षांपूर्वी चिनीमातीच्या टोप्या मागवणं बंद केलं. लुडविक त्या स्वतः विकत आणायचा आणि कॉफीच्या डब्यात ठेवायचा. त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. मीच कुरकुरायचे.

ग्रेगचा आणखी एक नियम होता. एकाच दुरुस्तीसाठी त्या घरी पुन्हा जावं लागलं की नावापुढे एक खूण. वर्षात तीन खुणा झाल्या की नोकरी संपली. लुडविकच्या दोन झाल्या होत्या. दोन्ही वेळा नवा भागच सदोष निघाला होता, पण खुणेला कारण लागत नाही.

मार्चमध्ये त्याने अ‍ॅग्नेस प्रेबिलच्या ओव्हनचा सेन्सर बदलला. त्या दिवशी कॉफीचा डबा रिकामा होता. त्याने गाडीतल्या प्लॅस्टिकच्या दोन टोप्या लावल्या. संध्याकाळी मला म्हणाला, “दोन दिवसांत जाऊन बदलून येतो.”

गेला नाही. परत जाणं म्हणजे तिसरी खूण. मी विचारलं नाही. त्याने सांगितलं नाही.

एप्रिलमध्ये अ‍ॅग्नेसचा फोन आला. ती एक्याऐंशी वर्षांची. शनिवारी नातीचं लग्न होतं. तिने आठ पोटीत्सा, म्हणजे सणासमारंभाचे गोड पाव, केल्या होत्या. टेबलभर लाटलेली कणीक, तिच्यावर अक्रोडाचं सारण, मग गुंडाळी करून ओव्हनमध्ये भाजायची. दोन दिवसांचं काम. आठही आतून कच्च्या राहिल्या होत्या.

लुडविकची गाडी गॅरेजमध्ये होती. मी त्याला माझ्या गाडीतून नेलं.

अ‍ॅग्नेसने दार उघडलं आणि ती बाजूला झाली.

“ये लुडविक. बघ तुझी करामत.”

ओट्यावर आठ गुंडाळ्या होत्या. प्रत्येक मधोमध कापलेली. पिठाचा लगदा बाहेर आला होता.

“मुलाकडची माणसं मिनीॲपोलिसची आहेत, मोठ्या शहरातली,” ती म्हणाली. “त्यांच्यासमोर मी आता दुकानातली ठेवू? माझ्या आईने खाणीच्या संपात, घरात अक्रोड नव्हते तेव्हासुद्धा दुकानातली आणली नाही.”

“बघतो, अ‍ॅग्नेस.”

“बघ. गेल्या वेळीही बघितलंस.”

त्याने पॅनेल उघडून मोजलं. एक हजार नव्वद. अगदी बरोबर. मला हायसं वाटलं. मग त्याने ओव्हन तापवला आणि आम्ही थांबलो. अ‍ॅग्नेसने कॉफी विचारली नाही. या गावात कॉफी न विचारणं म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

वीस मिनिटांनी त्याने पुन्हा मोजलं. आकडा एकदम वर उडाला, खाली आला, पुन्हा उडाला. जोड सैल पडला होता. ओव्हनला वाटत होतं आपण खूप तापलोय, म्हणून तो आच तोडत होता. त्याने ओव्हन पुढे ओढून मागचा पत्रा काढला. दोन्ही टोप्या वितळून वाकड्या झाल्या होत्या.

त्याने त्या तळहातावर घेतल्या.

“सेन्सर खराब होता का?” अ‍ॅग्नेसने विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर चाललं असतं.

“नाही. माझं काम खराब होतं.”

आता डब्यात चिनीमातीच्या टोप्या होत्या. त्याने त्या लावल्या. ओव्हन नीट चालला. पण तो गुरुवार होता आणि अ‍ॅग्नेसचे हात सुजले होते. शनिवारी लग्नात दुकानातल्या पोटीत्सा ठेवल्या.

त्या गुरुवारी दुकानात परतल्यावर मी अहवाल टाइप करायला बसले.

“सदोष भाग लिहिते,” मी म्हणाले. “दोनदा तसं झालंच होतं. ग्रेगशी बोलते मी.”

“चार वर्षं पुस्तकं वाचून हेच शिकलीस?”

“मग लिहिते की दुकान चिनीमातीच्या टोप्या देत नाही. ते तर खरं आहे.”

“टोप्या कोणी पिळल्या?”

“लुड, ग्रेगने तुला काढलं तर—”

“आणि बदलायला कोण गेलं नाही? लिही. तंत्रज्ञाची चूक.”

मी लिहिलं.

शुक्रवारी सकाळी ग्रेगने त्याच्याकडून दुकानाच्या गाडीच्या किल्ल्या घेतल्या. अडतीस वर्षांचं सगळं चार मिनिटांत आटोपलं. लुडविकने कॉफीचा डबा माझ्या टेबलावर ठेवला आणि पायी घरी गेला. बाहेर बर्फ वितळत होता. त्याचे बूट चिखलाने भरले असणार.

सोमवारी मी ग्रेगला म्हणाले, “चिनीमातीच्या टोप्या मागवू या. त्या जोडामुळेच तर झालं.”

त्याने अहवाल काढून माझ्यासमोर ठेवला. मीच टाइप केलेला.

“इथे काय लिहिलंय?”

मी वाचलं नाही.

“तंत्रज्ञाची चूक,” तोच म्हणाला. “टोप्यांबद्दल एक शब्द नाही. प्लॅस्टिकच्याच मागव, नेहमीच्या. दोन खोके.”

मी मागवल्या.