तापलेलं दूध

"फाईल काही रडून नाही राहिली. घरी पोट्टी रडून राहिली असंल. जा!"

मंदाताई हे इतक्या मोठ्यानं म्हणायच्या की बुढापारा मोहल्ल्यातलं आमचं अख्खं सरकारी दफ्तर ऐकायचं. बाळंतपणाच्या रजेवरून मी परत आले आणि पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी माझ्या हातातला कागद ओढून घेऊन मला जवळच्याच तात्यापाऱ्यात घरी पिटाळलं. मग ते रोजचंच झालं. बडे बाबू कुरकुरले, "मैडम, ये दफ्तर है." ताई म्हणाल्या, "हव, दफ्तर है. जेल नहीं है." बडे बाबू पान थुंकायला बाहेर गेले.

ताई उंच, हाडापेरानं मोठ्या, पदर कायम कमरेला खोचलेला. कौतुकसुद्धा शिवी दिल्यासारखं करायच्या. गोडबोल्या माणसांचा त्यांना भारी संशय. "गोड बोलूनच तर माणूस मारता येते, बाई," असं त्या कशावरूनही म्हणत. माझ्या मुलीला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही. मी परत आले की मान वर न करता एवढंच विचारायच्या, "प्याली?"

ऊन तापायला लागलं तेव्हा एकदा घरून परतल्यावर मी डबा खाता खाता सहज म्हणाले, "सासूबाई म्हणतात, उन्हातून आल्या आल्या पाजायचं नाही. दूध तापलेलं असतं. आंघोळ करायची, पहिलं दूध पिळून टाकायचं, मग घ्यायचं."

ताईंनी हातातला घास डब्यात परत ठेवला.

भोपाळपासून तुटून आमचं वेगळं राज्य झालं आणि आमचं शहर राजधानी, त्याच हिवाळ्यात त्यांची मुलगी जन्मली होती. दफ्तरात सगळे तिला लाडानं 'राजधानी' म्हणत. पण नव्या राजधानीत कामाचा डोंगर होता. भोपाळहून ट्रक भरभरून फायली येत होत्या आणि रजा कुणालाच मिळत नव्हती. उन्हाळा लागला तसं ताई संध्याकाळी पुरानी बस्तीत घरी पोचायच्या तेव्हा पोलकं भिजलेलं असायचं, छाती दगडासारखी झालेली. दारातच सासू म्हणायची, "बाई माझी, दमली असशील. पण ते तापलेलं दूध काढून टाक हो, लेकराले बाधंल."

"मी मोरीत दूध पिळत होती," ताई म्हणाल्या, "अन् बाहेर माही पोट्टी बाटली चोखून राहिली होती. मंग दूधच आटलं. नुसती बाटली राहिली. जेठाच्या उन्हात उलट्या-जुलाब लागले अन् गेली. डॉक्टर म्हणे, आईच्या अंगातलं दूध उन्हानं तापत नाही, बाटली बाधली. मंग म्हणे."

"सासूबाईंना काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? तिनं मायेनंच सांगतलं होतं ना. भांडताही येत नाही अशा माणसाशी."

त्या दिवशी पाच वाजता त्या माझ्यासोबत घरी आल्या. आमच्या सासूबाई न्हाणीघराकडे बोट दाखवणार तोच ताईंनी मला खांद्याला धरून पलंगावर बसवलं. "काकू, पोट्टी आणा. ही आत्ताच पिणार. माह्यासमोर."

"आमच्या घरात चार पिढ्या अशाच वाढल्या," सासूबाई दुखावून म्हणाल्या.

"माही एकच पोट्टी होती, काकू."

सासूबाईंनी मुलगी माझ्या मांडीवर दिली आणि आत निघून गेल्या. मग कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत. मुलगी लाथा झाडत, घुटक्यांचा आवाज करत प्यायली. ताई भिंतीकडे बघत उभ्या होत्या. ती प्यायची थांबली तेव्हा त्यांनी चपला घातल्या.

पुढे ताईंच्या सासूला लकवा झाला. जीभ गेली, एक अंग गेलं. आणखी मूल ताईंना झालंच नव्हतं, त्यामुळे करणाऱ्याही त्याच. एका उन्हाळ्यात मी भेटायला म्हणून दफ्तरातून त्यांच्यासोबत गेले. शेजारणीनं दुधाची वाटी स्टुलावर झाकून ठेवली होती. पावलं ऐकताच म्हातारीनं तोंड उघडलं.

"थांबा, आई," मंदाताई अगदी गोड आवाजात म्हणाल्या. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "उन्हातून आली मी. हात तापले आहेत. तुम्हाले बाधंल."

आत पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. न राहवून मी चमचा उचलला, तर म्हातारीनं ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी उशीवर ओघळत होतं. तिला सगळं कळत होतं. मला तिची दया आली आणि ताईंचा राग काही केल्या येईना.

न्हाऊन आल्यावर ताईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, चमच्या चमच्यानं अख्खी वाटी पाजली, हनुवटी पदरानं पुसली.

दारात मी हळूच विचारलं, "रोज असंच करता?"

"फक्त उन्हाळ्यात," मंदाताई म्हणाल्या. "तिनं बी तेवढंच केलं होतं."