दादाच्या हातचा फिल्टर

फोन आला तेव्हा मी पंडरीच्या कापडबाजारात पडद्याचं कापड बघत होतो. वहिनींचा आवाज अगदी सरळ होता. "भाऊजी, हे गेले," एवढंच म्हणाल्या... आणि मी दुकानदाराला म्हटलं, मीटरभर जास्त फाडा. का म्हटलं, देव जाणे. विनायकदादा, माझा सख्खा मोठा भाऊ, होळीनंतर आठवडाभरात छातीत दुखायचं निमित्त होऊन गेला. त्याला आता दोन महिने होतील. माणूस गेला की त्याच्याबद्दल चांगलंच लिहायची पद्धत आहे. मी प्रयत्न करतो, पण माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवून लिहिलं तर दादालाच ते पटणार नाही.

दादा भनपुरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. रिटायर झाल्यावर त्याने तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या मराठी घरांचे पाण्याचे आरओ आपल्या ताब्यात घेतले. कोणी सोपवले नव्हते, त्यानेच घेतले. बोअरचं पाणी असं, की चहाच्या भांड्याला पांढरा थर धरतो, आणि कंपनीचा माणूस चार फोन केल्याशिवाय फिरकत नाही, त्यामुळे लोकही खूश. पाना, बादली आणि एक जुना टॉवेल घेऊन हा दारात हजर. फिल्टर बदलला की त्यावर काळ्या मार्करने तारीख टाकायचा, पहिली टाकी ओतून द्यायला लावायचा, आणि दुसऱ्या टाकीचं पाणी ग्लासात घेऊन जेवण चाखावं तसं तोंडात घोळवायचा. चहा नको, फराळ नको. मी एकदा म्हटलं, दादा, मला दाखव, माझ्या घरचं मी करीन. तर म्हणाला, "तुले जमत नाही सुध्या, तू झाकणाचे आटे खाऊन टाकशील." साठीला आलेल्या माणसाशी हे असं बोलणं! पण खरं सांगतो, मलाही ते सोयीचंच होतं. तर त्याने कोणालाच काही शिकवलं नाही, बायकोलासुद्धा नाही, हा माझा पहिला राग.

दुसरा राग वहिनींवरचा. तेरवी होऊन पंधरा दिवस झाले असतील, त्यांच्याकडे पाणी प्यायलो तर चव मातकट लागली. तेव्हापासूनच त्यांचं पोट बिघडलेलं. आधी वाटलं, जेवण नाही, झोप नाही, म्हणून असेल. पण अंगावरची साडी सैल दिसायला लागली तेव्हा मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो, आणि त्यांनी औषधाआधी विचारलं, पाणी कुठलं पिता. घरी येऊन मी मशीनजवळचा पारदर्शक बाऊल बघितला. आत पांढऱ्या दोऱ्याच्या गुंडाळीसारखा फिल्टर असतो ना, तो पार तपकिरी झालेला, आणि त्याच्यावर दादाच्या अक्षरात दिवाळीआधीची तारीख. म्हटलं, वहिनी, उद्याच माणूस बोलावतो. त्या नाही म्हणाल्या. गोड बोलून पाहिलं, नाही. निदान उकळून प्या म्हटलं, तर म्हणाल्या, ह्यांच्या मशीनचं पाणी काय उकळायचं. मी पाण्याचे जार धाडले, तर त्या जारच्या पाण्याने फरशी पुसली जाऊ लागली. मी अक्षरशः हात टेकले.

मग मी शहाणपणा केला आणि न विचारताच मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याने तो बाऊल बघितला आणि म्हणाला, "अंकल जी, आंटी तो कीचड़ पी रही हैं." वहिनी मशीनपुढे येऊन उभ्या राहिल्या. त्याला चहा दिला, बिस्कीट दिलं आणि वाटेला लावलं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा जाऊन दोन महिने न झालेल्या बाईवर मी ओरडलो, लाज वाटते लिहायला. म्हटलं, दवाखान्यात सलाइन लावून पडायचं आहे का तुम्हाला? त्या पदराने ओटा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्या हातचं शेवटचं हेच हाये, भाऊजी. तुम्ही काढून फेकसान, अन् मी काय पाहू मंग?"

चारच दिवसांनी त्यांना खरंच सलाइन लागलं. एक रात्र दवाखान्यात काढून त्या घरी आल्या, आणि आल्या आल्या त्याच मशीनचं पाणी ग्लासभर प्यायल्या. माझ्यासमोर!

त्या संध्याकाळी मी घरी येऊन नुसता फणफणत होतो. दादावर, वहिनींवर, बोअरवर, सगळ्यांवर. माझी बायको सुनंदा भाजी निवडत ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांच्या घरचं महिनाभरापासून बोलून राहिले तुम्ही. आपलं कधी उघडून पाह्यलं?" खरंच की. आमचंही दादाच करायचा, आणि मी कित्येक वर्षांत ओट्याखालच्या त्या कपाटात डोकावलोही नव्हतो. तणतणत उठलो, कपाट उघडलं. फिल्टर पांढराशुभ्र. त्यावर काळ्या मार्करने तारीख... होळीच्या आदल्या दिवसाची.

"आले होते ना ते," सुनंदा म्हणाली, "तुम्ही बँकेत गेले होते. मी सांगितलं होतं तुम्हाले." सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल. मी तिथेच खाली फरशीवर बसलो. इतका राग मला दादाचा आयुष्यात आला नव्हता. अरे बाबा, तुझ्या घरचा फिल्टर चिखल झालाय, तुझी बायको ते पाणी पितेय, आणि तू माझं मशीन कसलं दुरुस्त करत बसलास? समोर असता तर भांडलो असतो. भांडायला तरी समोर असायला हवा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींकडे गेलो. कसं सांगावं कळेना. ज्याच्यासाठी त्या महिनाभर जीव टाकून उभ्या होत्या, ते ह्यांच्या हातचं शेवटचं नाहीच, शेवटचं माझ्या घरी आहे, हे तोंडावर कसं सांगायचं? शेवटी सांगून टाकलं. त्या खुर्चीवर बसल्या. मला वाटलं, रडतील. तर म्हणाल्या, "तरी मी म्हणे, आणलेला फिल्टरचा सेट गेला कुठं. घरभर धुंडला. मी म्हटलं होतं ह्यांना, आपलं लावा आधी. तर म्हणे, सुध्याले मुतखडा झाला होता, त्याचं पह्यले."

मुतखडा मला गेल्या वर्षी झाला होता. मी स्वतः विसरलो होतो.

वहिनींनी उठून मशीनच्या बाजूला ठेवलेले डबे हलवले, जागा मोकळी केली. म्हणाल्या, "बोलवा त्या मेकॅनिकले. माझं बदला." मी घाईने फोन काढला, म्हटलं मन फिरायच्या आत उरकावं. नंबर लावत होतो तेवढ्यात त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"पण तुमचं मात्र राहू द्या, भाऊजी."

महिनाभर त्यांना जे जे ऐकवलं होतं, ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. फिल्टर काय राहू देण्याची वस्तू आहे का, काळा पडेल, पोट बिघडेल, पुन्हा मुतखडा होईल...

"हव, वहिनी," मी म्हणालो.

दिवाळीच्या सुमाराला तो बदलायची वेळ येईल. मी बदलू देणार नाही, आणि वहिनींशी मी जसा भांडलो तशीच सुनंदा माझ्याशी भांडेल.