पेनड्राइव्हमधलं मांजर

आमच्या मोठ्या जाऊबाई घरीच कॉम्प्युटरवर डिझाइन काढून मशीनवर भरतकाम करतात. गिऱ्हाइकाला दारात पाणी मिळतं, चहा मिळतो, पण त्याच्या पेनड्राइव्हला आत सहजासहजी प्रवेश नाही. आधी तपासणी. भावजी त्यांना 'जकातनाका' म्हणतात, अर्थात त्यांच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं.

हे खूळ उगाच नाही. एकदा 'हजार डिझाइनं अगदी फुकट' असं वाचून त्यांनी कुठल्याशा साइटवरून फाइल उतरवून घेतली. फुकटचं पचलं नाही, त्यात व्हायरस होता. हजार राहिली बाजूला, स्वतः काढलेली होती तीही गेली. मग त्यांनी कंबर कसली. आता कॉम्प्युटरनं अपडेट मागितलं की 'नंतर बघू' नाही. रोजच्या कामाचं खातं निराळं. नवीन काही बसवायचं तर दुसऱ्या खात्याचा पासवर्ड लागतो, आणि तो भावजींनाही ठाऊक नाही. ओळखीच्या माणसाच्या मेलला काही अचानक जोडून आलं, तर आधी फोन : "तूच पाठवलंस ना रे?" काम संपलं की डिझाइनांची नक्कल वेगळ्या डिस्कवर, आणि डिस्क लगेच काढून कपाटात.

"लावलेलीच राहू दे की," भावजी म्हणतात.

"हो, म्हणजे चोर आला की दोन्ही एकदम नेईल. त्याचीही सोय बघायला हवी ना!"

परवा मी त्यांच्याकडे दोरे गुंडाळत बसले होते, तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. लेक शिकायला दूर निघालेली. बालवाडीत तिनं मांजर काढलं होतं, ते तिच्या उशीच्या अभ्र्यावर भरून हवं होतं. कागद केव्हाच गहाळ झालेला. त्याचा फोटो होता तो फक्त या पेनड्राइव्हवर.

"ताई, लावा पटकन. पेशंट आ वासून बसलाय."

जाऊबाईंनी ड्राइव्ह लावला. पडद्यावर एकच फोल्डर दिसलं, कोपऱ्यात छोटा बाण असलेलं.

"हा बाण कसला?"

"असतो हो. घरी दोनदा दाबलं की उघडतं."

"तीच तर गोम आहे. हे फोल्डरचं सोंग आहे. दाबलं की फोटो दिसतील, पण मागच्या दारानं दुसरंच कुणीतरी आत शिरेल."

त्यांनी तपासणी लावली. लाल पट्टी उमटली : व्हायरस सापडला, काढून टाकू?

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा हातच धरला. "थांबा! त्याच्याबरोबर माझं मांजर गेलं तर?"

आता मात्र जाऊबाईही थबकल्या. काय काय जाणार आहे ते त्यांनी सावकाश वाचलं. एक ते बाणवालं सोंग, एक विचित्र नावाचा प्रोग्रॅम. फोटो एकही नाही. मग ड्राइव्हवर किती जागा भरलीय ते पाहिलं. "एवढ्याशा दोन फाइली इतकी जागा खात नाहीत. फोटो आहेत, लपवलेत," म्हणाल्या आणि बटण दाबलं.

पडद्यावरची खिडकी कोरी झाली. पार कोरी.

"गेलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"अहो, जरा दम धरा." जाऊबाईंनी लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू केली. फिकटसं एक फोल्डर उगवलं. तेही तपासून घेतलं आणि मगच उघडलं. जांभळं, मिशाळ मांजर आमच्याकडे टकामका बघत होतं.

"याच्या अजून दोन नकला करून ठेवा, वेगवेगळ्या ठिकाणी," जाऊबाई म्हणाल्या. "आणि घरचा कॉम्प्युटर तपासून घ्या, कीड बहुतेक तिथलीच."

"आणि मी जगाला सांगत फिरते, किडायच्या आधी या म्हणून!" डॉक्टरीणबाई डोळे पुसत हसल्या.

जाऊबाई चष्मा सरसावून चित्राजवळ वाकल्या. "याला पाच पाय आहेत. एक काढू?"

"खबरदार! पाचही भरा. आणि तो मधला जरा ठसठशीत."