सोयरीकवाल्या डॉक्टर

वेदनेवरचं इंजेक्शन देण्याआधी कुत्र्याच्या आईबापाची चौकशी करणारी डॉक्टर मी एकच पाहिली. दहिसरला नदीजवळ त्यांचा छोटासा दवाखाना होता. जनावर टेबलावर चढलं, की चष्म्यावरून बघत विचारायच्या, "आवस कोण? बापूस कोण?" चाळीत त्यांचं नाव 'सोयरीकवाल्या डॉक्टर' पडलं होतं. ते त्यांच्या कानावर होतं. म्हणायच्या, "खरंच सोयरिकी जुळवल्या असत्या, तर लग्नाची जेवणं तरी मिळाली असती."

मासळी विकणाऱ्या हौसाबाई एकदा लंगडणाऱ्या बोक्याला घेऊन आल्या. अंगदुखीवर घरातली तापाची गोळी देऊ का, एवढंच त्यांनी विचारलं.

"मारशील गं त्याला! ती गोळी पचवायची सोय मांजराच्या रक्तातच नाही. त्याला ते विष!"

"माझ्या पोरांना तर चालते."

"पोरं तुझी आहेत, मांजरीची नाहीत!"

एका संध्याकाळी आमचा मोती रिक्षाखाली आला. पाय मोडला होता, किंचाळत होता. उचलून धावत गेलो, तर बाईंचा तोच प्रश्न. माझं डोकंच फिरलं. "अहो डॉक्टर, तो तळमळतोय ना! खानदान काय विचारताय?"

"तळमळ दिसते रे मला. पण नाक बघ त्याचं, लांब आहे. कुठून आणलास?"

गोरेगावच्या एका वॉचमनकडून, मी सांगितलं. त्याची आई केसाळ विलायती कुत्री होती. बाई म्हणाल्या, "कॉली जातीची असणार. त्यांच्यातल्या काहींच्या मेंदूला हे औषध अडवता येत नाही. आईकडून आलेलं असतं." त्यांनी अगदी थोडंसं औषध भरलं.

तेवढ्यानंही मोती असा पडला, की हाक मारली तरी कान हलेना. बाई पदर खोचून त्याच्याशेजारी जमिनीवर बसल्या. श्वास बघत, मालवणीत त्याला शिव्या घालत. मला घरी पिटाळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले, आणि पहिलं काम केलं ते बाईंवर गुरगुरायचं. "झकास! शुद्ध आली," त्या म्हणाल्या.

गेल्या वर्षी दवाखाना बंद करून त्या कुडाळजवळ भावाकडे निघाल्या. निरोप घ्यायला आल्या, तर मोती पलंगाखाली दडला. खाऊ दाखवला, तरी बाहेर येईना.

"शहाणो आसा," त्या हसत म्हणाल्या आणि डोळे पुसत जिना उतरल्या.

त्यांची रिक्षा वळल्यावर मोती बाहेर आला. फाटकापर्यंत लंगडत गेला, रस्ता हुंगत बसला. हाका मारून दमलो, शेवटी उचलूनच वर आणला.