धाकटीला त्रेसष्ट

“म्हणजे तिच्या नाण्याला काचेचा महाल आणि माझं सोनाराच्या तराजूत? वा!” थोरलीनं हातातली इस्त्री उभी केली.

“काचेचा नाही, प्लास्टिकचा,” नवरा म्हणाला. “आणि ती इस्त्री बंद कर आधी. माझा शर्ट जाईल.”

“जाऊ दे. शर्टाचं काय घेऊन बसलात!”

वाद जेवणाच्या आधीपासून चालला होता. सासूबाईंनी दोन्ही सुनांना एकाच दिवशी, एकाच डबीतून एकेक जुनं सोन्याचं नाणं दिलं होतं. धाकट्या जावेनं आपलं नाणं विकण्याआधी ग्रेडिंगला पाठवलं. तिथली माणसं नाणं भिंगाखाली तपासतात, सत्तरपैकी नंबर देतात आणि पारदर्शक डबीत कायमचं बंद करून टाकतात. धाकटीला त्रेसष्ट मिळाले. सोन्याच्या भावाच्या तिप्पट किमतीला नाणं गेलं आणि तिचं स्वयंपाकघर नवं झालं.

थोरली ते बघून आली होती. ड्रॉवर नुसता ढकलला, की शेवटी आपोआप, आवाज न करता मिटायचा. धाकटीनं तो पुन्हा पुन्हा मिटवून दाखवला. घरी येऊन थोरलीनं आपला ड्रॉवर असा आपटला, की मूठ हातात आली. ती मूठ अजून तशीच खिडकीत पडली होती.

“सत्तरपैकी त्रेसष्ट म्हणजे नव्वद टक्के,” नवरा म्हणाला. “आमच्या घराण्यात आजवर कुणाला मिळाले नव्हते.”

“बाबा, गंमत नको,” मुलगी म्हणाली. “आई, फीची शेवटची तारीख महिनाअखेर आहे. ग्रेडिंगला दोन महिने लागतात. सोनाराला दिलं तर उद्या फी भरता येईल. मग आपण वाट कशाची बघतोय?”

“पुढच्या वर्षी घे प्रवेश. कोर्स कुठं पळून जातोय?”

बोलून झाल्यावर थोरली स्वतःच चपापली. मुलीनं तिच्याकडे शांतपणे पाहिलं. “माझं वर्ष गेलं तरी चालेल, पण काकूला पासष्ट दिसायला हवेत. असंच ना?”

“चौसष्टसुद्धा चालतील,” नवरा पुटपुटला.

खुर्चीतल्या सासूबाईंनी मान वर केली. “मी काही बघून दिली नाहीत गं. हाताला आलं ते एक तुला, एक तिला.”

“तेच म्हणते मी, आई. बघून द्यायची होतीत.”

सासूबाई थोरलीकडेच राहायच्या. त्यांच्या गोळ्या, त्यांची अंघोळ, त्यांची रात्रीची हाक, सगळं हिच्या अंगावर. धाकटी रविवारी तासभर यायची, हातात चार फळं, आणि म्हातारीचा चेहरा असा उजळायचा, की थोरलीला स्वयंपाकघरात काहीतरी काम आठवायचं.

थोरली एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात डाग काढायची. शाई, तेल, चहा, रक्त. कापड उजेडात धरलं, की डाग कशाचा आणि किती जुना ते सांगायची. गिऱ्हाइकं तिला डागवाल्या बाई म्हणत. मालक आपला नवा कोट दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. घरातही तिचा हात स्वस्थ बसत नसे. नाणं दर वर्षी बाहेर निघायचं. टूथपावडर, मऊ ब्रश, शेवटी मलमलीचा तुकडा. धाकटीचं नाणं इतकी वर्षं एका फाटक्या मोज्यात पडलं होतं.

तेवढ्यात धाकटीचाच फोन आला.

“ताई, पाठवाच तुम्ही. माझं बाई मोज्यात होतं, तरी एवढं मिळालं. तुम्ही तर किती जपता! तुम्हाला जास्तच मिळणार बघा.”

थोरलीनं त्या बोलण्यातला टोमणा शोधून पाहिला. सापडला नाही, म्हणून तिच्या अंगाचा आणखीच तिळपापड झाला. फोन ठेवून ती म्हणाली, “उद्या मी नाणं घेऊन जाणार. कुणी मधे पडू नका.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती नाणेवाल्याकडे गेली. धाकटीचं नाणंही त्याच्याच हातून गेलं होतं. त्यानं डोळ्याला भिंग लावलं, नाणं दिव्याखाली तिरकं केलं आणि विचारलं, “हे घासलं कुणी?”

“मी,” ती ताठ मानेनं म्हणाली. “दर वर्षी.”

“अरेरे.” त्यानं नाणं आणि भिंग तिच्यापुढे सरकवलं. “बघा.”

नाण्यावर केसासारख्या बारीक रेघा होत्या. गोल गोल, एकात एक, तिचा हात फिरत आला होता तशाच.

“पाठवायचं तर पाठवतो, माझं काही जात नाही. पण नंबर मिळणार नाही. ‘साफ केलेलं’ एवढाच शेरा येईल आणि वर त्यांची फी. त्यापेक्षा सोनं म्हणून विका.”

“त्यांच्या लक्षात येईल?”

“माझ्या आलं की.”

घरी डाग चोळून मग कपडा घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकांना ती रोज झापायची: डाग निघाला असता हो, पण तुम्ही कापड खाल्लंत, ते मी कुठून आणू? काउंटरच्या या बाजूला उभं राहायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती.

“परत मळवता येतं का?” तिनं हळूच विचारलं.

तो हसला. “बरेच जण विचारतात. मळवता येतं. तेही ओळखतात.” मग त्याला आठवलं. “तुमच्या जाऊबाईंचं मात्र काय नाणं होतं! अक्षरांच्या फटींत मळ जसाच्या तसा. कुणाचा हातच लागला नव्हता. सुंदर!”

मळाला सुंदर म्हणणारा माणूस तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. दुपारभर तिच्या पुढ्यात कॉलरी येत राहिल्या आणि डोक्यात तो मोजा. जी विसरली तिला बक्षीस, जिनं जपलं तिच्या नावावर शेरा. धाकटीला कळलं तर ती हसेल का? हसली असती तर बरं. ती हसणार नाही. हात हातात घेऊन म्हणेल, “अगं बाई, ताई, किती वाईट झालं!” आणि मनापासून म्हणेल. तेच थोरलीला सोसणार नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा तिघंही टीव्ही बंद करून बसली होती. तिनं हात धुतले, सासूबाईंची गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली, पाणी दिलं. मग खुर्ची ओढून बसली.

“नाणं उद्या सोनाराकडे जाईल. वजनावर. पोरीचं वर्ष फुकट घालवायचं नाही.”

मुलगी उठून तिच्या गळ्यात पडली. “गुणाची गं माझी सून,” सासूबाई म्हणाल्या. हे थोरलीला त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं. तिनं ते ऐकून घेतलं. मुलीचे हात गळ्याभोवती थोडा वेळ तसेच राहू दिले.

“आणि धाकटीला कुणी फोन करायचा नाही,” ती म्हणाली. “तिला काय सांगायचं ते मी सांगीन.”