तळाशी राहणारी सहा जणं

माझे सासरे इस्पितळाच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं मुख्य आचारी होते. निवृत्तीच्या दिवशी हाताखालच्या लोकांनी त्यांना माशांची तीन फुटी काचेची टाकी दिली, सोबत आठ गप्पी आणि बारा निऑन. बाबांनी ती बैठकीत खिडकीपासून लांब ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून माशांना इस्पितळाच्या वेळेवर जेवण सुरू झालं. सकाळी आठ, दुपारी साडेबारा, संध्याकाळी सात. प्रत्येक वेळी चिमूटभर म्हणता म्हणता मूठभर.

"अहो, दोनशे खाटांचं रांधायची सवय तुमची," सासूबाई म्हणायच्या. "हे वीस जीव, तेही बोटाच्या पेराएवढे. किती खातील?"

दहा-बारा दिवसांत पाणी गढूळ झालं. खड्यांच्या फटींत खाणं कुजून वास यायला लागला. बाबांनी निदान केलं, "उष्टं आवरणारं कुणीतरी हवं."

कोपऱ्यावरच्या दुकानदाराने त्यांच्या गळ्यात सकर मासा मारला. दोन इंचांचा, काळपट, तोंडाने काचेला चिकटून बसणारा. "सगळी घाण खातो साहेब, तुम्हाला टाकीत हात घालायला नको." पहिला महिना काच खरंच लख्ख होती. मग तो वाढत सुटला. पाच महिन्यांत वीतभर झाला आणि जेवढी घाण खाल्ली असेल त्याच्या दुप्पट करायला लागला. शेपटीच्या एका फटक्यात वनस्पती उपटून वर तरंगायच्या.

त्यावर उपाय म्हणून त्याच दुकानदाराने नांग्यांचा निळा झिंगा दिला. आगीतून फुफाट्यात! आठवड्याभरात दोन गप्पींच्या शेपट्या कातरल्या गेल्या, तिसरा तर दिसेनासाच झाला. त्या सकाळी बाबांनी चहा तसाच ठेवला.

"मीच आणला ना त्याला घरात," ते एवढंच म्हणाले.

मग मी त्यांना माझ्या ऑफिसजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. दुकान एक बाई चालवायच्या. चष्मा कपाळावर आणि बाह्या कोपरापर्यंत ओल्या. बाबा म्हणाले, "घाण खाणारा एखादा चांगला मासा द्या."

"घाण कुणीच खात नाही, काका. ती तुम्हालाच काढायची, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलून," त्या म्हणाल्या. "ही मंडळी वरून निसटलेलं खाणं तेवढं उचलतात. टाकी केवढी? राहतंय कोण? खाली काय अंथरलंय?"

बाबांनी सगळं सांगितलं. खडे टोकदार आहेत हे ऐकून बाईंनी मान हलवली. "कोरिडोरस देईन मी तुम्हाला. बोटभर असतात, कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण मिशांनी जमीन चाचपत खातात, अशा खड्यांनी त्यांच्या मिशा झिजतील. आधी बारीक वाळू घाला आणि पाणी निवळू द्या, मग या. आणि न्यायचे तर सहा न्या. एकटादुकटा बिचारा कोपऱ्यात लपून बसतो."

त्या दिवशी बाईंनी आम्हाला काहीही विकलं नाही. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "बाई पक्की आहे. आमच्या आहारतज्ज्ञ होत्या ना, अगदी तशी."

पुढचे चार दिवस बाबा मोरीत बसून बादल्याच्या बादल्या वाळू धूत होते. सकर बाईंनी त्यांच्या मोठ्या हौदात ठेवून घेतला. झिंग्याला हाकलायची वेळ आली तेव्हा मात्र सासूबाई आडव्या आल्या. "राहू दे त्याला. मला आवडतो. कसा रुबाबात चालतो!" त्याच्यासाठी वेगळी छोटी टाकी आली.

दोन आठवड्यांनी टाकीत सहा कोरिडोरस आले, शेवाळ खरवडायला तीन गोगलगायी आल्या. या जातीच्या गोगलगायींची पिल्लं गोड्या पाण्यात जगत नाहीत, म्हणजे पसारा वाढायची भीती नाही, असं बाईंनी सांगितलं होतं. शिवाय ताकीद दिली होती, की उष्ट्यावर कोरिडोरसचं पोट भरत नाही. तळाशी बुडणारी गोळी त्यांना वेगळी द्यायची, आणि वरच्यांना दोन मिनिटांत संपेल तेवढंच.

हेच बाबांना जड गेलं. "अगं, उपाशी ठेवायचं त्यांना?"

"इस्पितळात लोकांना बिनमिठाचं वाढत होता, तेव्हा कुठे गेला होता कळवळा?" सासूबाई म्हणाल्या.

बाबा हसले आणि वहीचा कागद फाडून माशांचा आहारतक्ता लिहायला बसले.

पाणी आता इतकं नितळ आहे की पलीकडचं कॅलेंडर वाचता येतं. सहाही जण झुंडीने वाळू उकरत फिरतात, मध्येच एखादा सुळकन वर जाऊन हवेचा घोट घेऊन येतो. बाबा वर्तमानपत्र मांडीवर ठेवून तासन्‌तास बघत बसतात. पानं उलटत नाहीत.

गेल्या महिन्यात काचेवर कोरिडोरसची मोहरीएवढी अंडी दिसली. गप्पींनी फडशा पाडायच्या आत बाबांनी ती बोटाने अलगद सोडवून जाळीच्या डब्यात ठेवली. त्यातली चार पिल्लं जगली. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला भर मीटिंगमध्ये फोन केला, "अरे, चार झाली! सगळी सुखरूप आहेत!" त्यांचा आवाज मीटिंगभर ऐकू गेला आणि सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं म्हणे. खुलासा करायच्या भानगडीत तो पडला नाही. संध्याकाळी तो पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आला.