जहीरभाईंची नदी

जहीर मुकादमांना नदीचं वेड लागलं तेव्हा त्यांनी तशी नदी कधी पाहिलेलीच नव्हती. खाडी पाहिली होती, समुद्र तर पाळण्यात असल्यापासून कानात होता. पण डोंगरावरून उतरणारी, बर्फाच्या पाण्याची, गोट्यांशी गप्पा मारत जाणारी नदी काही हर्णैच्या पोराच्या वाट्याला येत नाही. त्यातून सगळी उमर गेली कुवेतमध्ये, जिथे औषधालासुद्धा नदी नाही. तरी फरवानियाच्या त्यांच्या दोन खोल्यांत गेली कित्येक वर्षं ती वाहत होती, आणि त्यांची बायको रबिया तिला सवतीसारखी ओळखून होती.

जहीरभाई रुग्णालयात डायलिसिसचे टेक्निशियन. मूत्रपिंडं थकलेली माणसं त्यांच्याकडे यायची, खुर्चीत रेलायची, आणि त्यांचं रक्त नळीतून यंत्रात जाऊन स्वच्छ होऊन पुन्हा अंगात यायचं. काम जबाबदारीचं, पण संथ. यंत्राची घरघर एकसुरी, पडदे ओढलेले, माणसं अर्धवट झोपेत. अशा त्या गुंगीच्या खोलीत बू नासर नावाचे एक वयस्क कुवेती गृहस्थ येऊ लागले. त्यांचे वडील जुन्या काळी मोत्यांच्या व्यापारासाठी मुंबईला असायचे, त्यामुळे बू नासरना मोडकंतोडकं पण गोड हिंदी यायचं. सुया टोचून झाल्या की ते डोळे मिटायचे आणि नदीबद्दल बोलायला लागायचे.

हिवाळा सरत आला, बर्फ अजून काठावर आहे आणि पाणी काचेसारखं आहे, अशा दिवसांत ते दरवर्षी कुठल्या ना कुठल्या डोंगरी देशात जायचे. तिथे ट्राउट नावाचा मासा. अंगावर लाल-काळे ठिपके, स्वभावानं संशयी. त्याला कोळंबीचं, मांदेलीचं आमिष चालत नाही. पिसं आणि धागा गळाला गुंडाळून एक खोटी माशी करायची, आणि ती पाण्यावर अशी उतरवायची की माशालाच वाटावं, आपली न्याहारी आभाळातून पडली. माशी तर वजनाला फुंकर. म्हणून जाड दोरी आधी पाठीमागे फेकायची, ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे सोडायची. "सब्र, जहीर," बू नासर मोकळ्या हातानं हवेत दोरी फेकून दाखवत म्हणायचे. "पीछे जाने दो. रुको. अब आगे." दुसऱ्या हातातल्या नळ्या हलू नयेत म्हणून जहीरभाई तो हात धरून उभे असायचे, आणि मागे जाणारी ती नसलेली दोरी त्यांना दिसायची.

आणि मासा धरला की बू नासर तो सोडून द्यायचे. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जहीरभाईंना वाटलं, आजारपणात माणूस भलतंसलतं बोलतो. बू नासर मात्र सांगायचे, सगळी मजा त्या सोडण्यातच आहे. थंड पाण्यात तोंड प्रवाहाकडे करून त्याला दोन्ही हातांवर अलगद धरायचं. त्याचा दम परत येतो. मग शेपटीचा एक फटका, आणि गेला. मागे वळूनसुद्धा बघत नाही.

ही गोष्ट जहीरभाईंच्या काळजात का रुतली, ते कुणालाही कळेल, जर तो त्या खोलीत कधी दिवसभर उभा राहिला असेल तर. त्यांच्या हातातून कुणी सुटत नसे. आज आलेला माणूस परवा पुन्हा यायचा, त्यानंतरच्या परवा पुन्हा. क्वचित एखाद्याला नवं मूत्रपिंड मिळे, बाकीचे एकाच रस्त्यानं सुटत, आणि त्या दिवशी खुर्चीवर नवी चादर पसरायची पाळी जहीरभाईंवर येई. बू नासरही तसेच गेले. जाण्याआधी एका सकाळी आपली गळाची लांब, वेतासारखी लवचीक काठी आणि माश्यांची डबी घेऊन आले आणि जहीरभाईंसाठी खुर्चीला टेकवून ठेवली.

तेव्हापासून जहीरभाईंना एकच हवं होतं. एकदा तरी अशा नदीत उभं राहायचं, एक मोठा ट्राउट दोन्ही हातांत घ्यायचा, आणि तो आपल्या हातांतून जिवंत निघून जाताना बघायचा. बस.

कुवेतमधला फेब्रुवारी हा तसा लाडका महिना. उन्हाला दात नसतात, वाळवंटात चुकून हिरवं काहीतरी उगवतं, आणि लोक तंबू ठोकून चहा पीत बसतात. त्या दिवसांत जहीरभाई शुक्रवारी पहाटेच जुनी गाडी काढून खैरानला जायचे. श्रीमंतांच्या सुट्टीतल्या बंगल्यांपलीकडे एक मोकळा किनारा आहे, तिथे गुडघाभर पाण्यात उभे राहून दोरी फेकायचे. दोरी मागे जायची, आभाळात क्षणभर पांढरी रेघ होऊन थांबायची, मग पुढे येऊन निजल्यासारखी पाण्यावर पडायची. अशा वेळी जहीरभाईंना खैरान दिसत नसे. समोरचा खारा निळा विस्तार हळूहळू अरुंद व्हायचा, त्याला काठ फुटायचे, काठावर सुरूसारखी झाडं यायची आणि पायाखालच्या वाळूचे गोटे व्हायचे. एखादी बोय मासळी गळाला लागली की जाग यायची. ती बोय ते पाण्याखालीच गळातून मोकळी करायचे, बोटसुद्धा न लावता.

गाडीत थर्मास घेऊन बसलेली रबिया हे बघायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची. रबिया हर्णैच्या बंदराजवळच वाढलेली. तिच्या माहेरी मासा म्हणजे जेवण, अब्रू आणि पाहुणचार, तिन्ही एकदम. मासळीला गेलेला माणूस हात हलवत परत आला तर तिथे शेजारणीसुद्धा हळहळतात, आणि हा तिचा नवरा हाताला लागलेला मासा मुद्दाम सोडून यायचा. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारे पुष्कळ असतात, तिचं म्हणणं, पण हातचं सोडून रिकाम्या हाताकडे बघत बसणारा हा एकच. घरी परतताना ती बाजारात गाडी थांबवायला लावायची आणि नवऱ्याच्या नाकावर टिच्चून मासे विकत घ्यायची. जहीरभाई पिशवी धरायचे. त्यांना ठाऊक होतं की ती रागावलेली नसते, दुखावलेली असते. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं स्वतः धरलेला एक मासा तिच्या तव्यावर आला नव्हता.

या वर्षी मात्र नोकरी संपायची होती. उन्हाळ्याआधी इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपणार, सामान बांधून हर्णैला जायचं. हर्णैला गेलं की नदी कायमची हुकली, हे जहीरभाईंना कळत होतं, पण बोलायचं कसं? लेक माहीननं ते ओळखलं. ती शिकायला लांब, फोनवर मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. "अब्बा, जस्ट गो," म्हणाली, आणि फेब्रुवारीच्या राष्ट्रीय सुट्ट्यांना जोडून दोघांची जॉर्जियाची तिकिटं काढून मोकळी झाली. कुवेतची निम्मी जनता त्या सुट्टीत तिकडे बर्फात फोटो काढायला जातेच. रबिया कुरकुरली, पण तिनं घरचा मसाला, तांदळाचं पीठ आणि आमसुलं बॅगेत भरली. परक्या मुलखात खायचे हाल नकोत म्हणून.

नदी बू नासर सांगायचे तशीच होती. उलट जहीरभाईंना जरा धास्तीच वाटली, की आपण अजून फरवानियात झोपलोय की काय. काठाला बर्फाची झालर, मधे हिरवट काच, आणि आवाज कसा, तर डायलिसिसच्या खोलीतल्या यंत्रांसारखा, अखंड. त्या आवाजात त्यांना इतकं घरच्यासारखं वाटलं की डोळे भरून आले. पाहुणघराच्या मालकिणीचा म्हातारा भाऊ वाटाड्या म्हणून सोबत होता. त्याला ना हिंदी येत होतं ना धड इंग्रजी. तो पाण्याकडे बोट दाखवायचा आणि मान हलवायचा, तेवढ्यावर सगळं भागायचं.

पहिले दोन दिवस काहीच लागलं नाही. जहीरभाई छातीपर्यंतचे रबरी कपडे चढवून उभे, रबिया शालीत गुरफटून काठावरच्या दगडावर. पाण्यात बोटं सुन्न होत, पण दोरी मागे जायची, थांबायची, पुढे यायची, आणि त्या लयीत त्यांना वेळेचं भान राहत नसे. तिसऱ्या दिवशी म्हातारा चहा आणायला गाडीकडे गेला, आणि नेमकी तेव्हाच एका मोठ्या दगडामागच्या संथ पाण्यात माशी उतरली, आणि गेली. नुसती नाहीशी झाली. मग काठी वाकली.

समुद्रातला मासा ओढतो. हा मासा पळवत होता. खाली, वर, पुन्हा दगडाकडे. जहीरभाईंनी ओढाओढ केली नाही, त्याला हवं तिकडे जाऊ दिलं, सब्र केला. अखेर तो दमून काठाजवळच्या उथळ पाण्यात आला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा त्याला पुरतं पाहिलं. हातभर लांब, सोनेरी, अंगभर ठिपके. ते त्याच्याकडे वळले आणि शेवाळलेल्या गोट्यावरून पाय सटकून मटकन खाली बसले. काठी हातून सुटली, दोरी सैल पडली. मासा रबियाच्या दगडापासून दोन पावलांवर होता.

"धर, रबिया, धर गो त्याला!"

रबिया बुटांसकट पाण्यात उतरली. गार पाण्यानं तिचा श्वास अडकला, तरी ती वाकली आणि तिनं मासा धरला, पक्का धरला. हर्णैची बाई निसटता मासा जसा धरते तसाच: कल्ल्यांत बोटं खुपसून. तिच्या आईनं तसाच धरला होता, आजीनं तसाच. धरलेला मासा पुन्हा जगायला हवा, अशी वेळ त्या बंदरावर कधी कुणावर आलीच नव्हती.

जहीरभाई धडपडत पोचले. रबियाचे ओठ निळे पडले होते आणि चेहरा उजळलेला होता. त्यांनी तिला इतकी आनंदी फार दिवसांत बघितली नव्हती. तिनं मासा त्यांच्यापुढे केला.

"घ्या. सोडा आता तुमच्या हातानं. मी बगते."

त्यांनी मासा घेतला. तिच्या बोटांवरून लाल पाणी ओघळत होतं, ते तिच्या थंडीनं सुन्न झालेल्या हातांना कळलंही नव्हतं. कल्ले आतून फाटले होते. रक्त किती गेलं की माणूस राहत नाही, हे ज्यांना न मोजता कळतं, अशांपैकी जहीरभाई होते. त्यांनी माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला पाण्यात धरलं, आणि पाणी त्यांच्या बोटांभोवती गुलाबी झालं. म्हातारा वाटाड्या जाळं घेऊन धावत आला, एकदा बघितलं, आणि टोपी सारखी करत दुसरीकडे पाहू लागला.

सोडला असता तर गेला असता. वीस पावलं वाहत जाऊन पुढच्या डोहात उलटा झाला असता, आणि ते रबियाला दिसलंही नसतं. तिनं टाळ्या वाजवल्या असत्या. जहीरभाईंना क्षणभर तो मोह झाला. पण मरणाऱ्याला सुटला म्हणायचं, हे त्यांनी त्या खोलीत फार केलं होतं. आणि इतक्या वर्षांनी ही बाई गार पाण्यात उतरून "सोडा" म्हणाली होती. तिला काय सांगणार?

"नको," ते म्हणाले. "आज तुझ्या हातचं खायचंय."

रबिया त्यांच्याकडे बघतच राहिली. मग लाजली. या वयात, त्या बर्फात, खरंच लाजली. म्हाताऱ्यानं एक मासा घरी न्यायला हरकत नाही अशी खूण केली, आणि ती मासा पदराखाली धरल्यासारखा शालीखाली धरून पाहुणघराकडे पुढे चालू लागली.

मालकिणीनं स्वयंपाकघर मोकळं करून दिलं. जहीरभाई बाहेर शेकोटीशी बसले होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता, रबिया स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती, आणि मग ते गुणगुणणं थांबलं. जहीरभाईंना तेव्हा सुचलं की आपण किती वेडे. जिनं आयुष्यभर मासे साफ केले तिच्यापासून ते फाटलेले कल्ले कसे लपणार होते?

पण ती बाहेर आली नाही. बऱ्याच वेळानं मसाल्याचा वास आला, आणि मग ताटं घेऊन तीच आली. तांदळाच्या पिठात घोळवून तळलेला मासा, आमसुलाचं कालवण, भात. ती समोर बसली. डोळे लाल होते, आणि ते काही धुरानं नव्हे.

"माज्या बोटांनी झालं ना?"

जहीरभाईंनी ताट जवळ ओढलं.

"सोडला असता तर जगला असता?"

"नाय गो." त्यांनी खरं तेच सांगितलं. "पण तू सोडा म्हणालीस. मला वाटलं नव्हतं, तू कधी म्हणशील."

माशाचा एक तुकडा त्यांनी हातात घेतला होता. रबियानं तो त्यांच्या हातून काढून घेतला, आपल्या ताटात ठेवला आणि खाली मान घालून त्यातला एकेक काटा काढायला लागली. हर्णैच्या माणसाला काटे काढून मासा द्यायचा म्हणजे खरंतर त्याचा अपमान. तिथे पोरं बोलायला शिकायच्या आधी काटे काढायला शिकतात. तिचे सगळे काटे काढून होईपर्यंत जहीरभाई थांबले, आणि मग तिनं दिलेला घास त्यांनी तोंडात घेतला.